गाविलगडचे शंख आणि डॉ. व्हॉयसी

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढताना डोंगराला जणू पायऱ्या पडलेल्या दिसतात. अकोट तालुक्यातल्या नरनाळ्याच्या डोंगरालाही त्या आहेत. या पायऱ्या म्हणजे लाव्हा थंड होऊन एकावर एक बसलेले थर. भारतात आज जागृत ज्वालामुखी एकच, अंदमानातल्या बॅरन बेटावरचा. पण सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी वऱ्हाडची भूमी लाव्ह्याखाली गेली होती. त्या उद्रेकांचा एक महत्त्वाचा पुरावा गाविलगडच्या डोंगररांगेत एका डॉक्टरांच्या हाती लागला. ते होते हेन्री वेस्ली व्हॉयसी. भारतीय भूशास्त्राचे जनक असा त्यांचा उल्लेख होतो.

व्हॉयसी मूळचे शल्यवैद्य. 1818 मध्ये विल्यम लॅम्बटन यांच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणात त्यांची नेमणूक झाली. काम दुहेरी होते. तळावरच्या माणसांवर उपचार करायचे आणि वाटेतल्या खडकांच्या नोंदी ठेवायच्या.

पहिल्या कामाची परीक्षा लगेच झाली. 1819 च्या पावसाळ्यात जॉर्ज एव्हरेस्ट यांच्याबरोबर ते कृष्णा आणि गोदावरी यांच्यामधल्या जंगलात होते. तापाची साथ आली. एव्हरेस्ट आजारी पडले, डॉक्टर स्वतः आजारी पडले आणि बरोबरची जवळजवळ दीडशे माणसे अंथरुणाला खिळली. पंधराजण दगावले. बाकीच्यांना आणण्यासाठी हैदराबादहून हत्ती, उंट आणि गाड्या पाठवाव्या लागल्या. हा बहुधा हिवतापच. त्या काळी असा ताप रानातल्या दूषित हवेने येतो, अशी समजूत होती. सिंकोनाच्या सालीतून क्विनाइन वेगळे काढले गेले ते 1820 मध्ये, आणि डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला तो 1897 मध्ये, हैदराबादलाच लागून असलेल्या सिकंदराबादेत. व्हॉयसींच्या हाती यातले काहीच नव्हते.

त्या तापातून ते उठले आणि पुन्हा कामाला लागले. हैदराबाद भागाचा भूशास्त्रीय नकाशा त्यांनी तयार केला. दक्षिणेतल्या हिऱ्यांच्या खाणी पाहिल्या. सर्वेक्षण उत्तरेकडे सरकत वऱ्हाडात एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, परिसरापर्यंत पोहोचले. जानेवारी 1823 मध्ये हिंगणघाटला लॅम्बटन यांचे निधन झाले. पुढे तीनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, व्हॉयसी गाविलगडच्या डोंगरात होते. तिथे काळ्या पाषाणाच्या मुलुखात त्यांना दगड झालेले शंख सापडले.

हा शोध त्या वेळी कोड्यात टाकणारा होता. काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट, कशाने तयार झाला यावर युरोपात मोठा वाद झाला होता. एक पक्ष म्हणे, तो पाण्यात साका बसून झाला. दुसरा म्हणे, तो अग्नीतून आला. व्हॉयसी अग्नीच्या बाजूचे. मग आगीतून निघालेल्या खडकांत पाण्यातल्या जिवाचे शंख कसे? वरवर पाहता हा पुरावा त्यांच्याच मताच्या विरुद्ध जाणारा. तरीही त्यांनी तो टिपला, त्याचे वर्णन लिहिले.

कोड्याचे उत्तर पुढच्या पिढीने पुरे केले. 1830 च्या दशकात जॉन माल्कमसन यांनी निर्मळच्या डोंगरातले असेच जीवाश्म अभ्यासले. 1851 पासून नागपूरला स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर यांनी टाकळी व सीताबर्डी भागात ते शोधले. हे शंख गोड्या पाण्यातल्या गोगलगायींचे होते, आणि ते लाव्ह्यात नव्हे तर लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात होते.

दख्खनचा लाव्हा एखाद्या शंकूसारख्या डोंगरातून उसळला नाही. जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तो पसरत गेला. आजही त्याने सुमारे 5 लाख चौरस किलोमीटर भूभाग व्यापलेला आहे. पण हे सलग घडले नाही. एक लोट येऊन थंड होई, त्यावर माती तयार होई, खोलगट जागी पाणी साचे, झाडे उगवत, गोगलगायी येत. पुढचा लोट आला की सारे गाडले जाई. उद्रेकांमधल्या विश्रांतीचा हिशेब या गाळाच्या पातळ थरांत राहिला. याच काळाच्या आसपास डायनोसॉर नाहीसे झाले. त्यात उल्कापाताचा वाटा किती आणि या लाव्ह्याचा किती, हे ठरवताना हे थर अजूनही अभ्यासले जातात.

व्हॉयसींना यातले काही पाहता आले नाही. गाविलगडच्या शोधानंतर वर्षभरातच, एप्रिल 1824 मध्ये, नागपूरहून कलकत्त्याकडे जाताना त्यांना पुन्हा तापाने गाठले आणि वाटेतच त्यांचा अंत झाला. शंखांवरचा त्यांचा लेख एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथात छापून आला तो त्यांच्या मृत्यूनंतर.

त्याच काळ्या पाषाणाची झीज होऊन वऱ्हाडची कपाशीची काळी जमीन तयार झाली आहे. पाषाणाच्या दोन थरांमध्ये कुठे लाल किंवा राखी मातीचा पट्टा दिसला, तर तो दोन उद्रेकांमधल्या शांत काळाचा असतो.