जंगलखात्यात जायचं होतं, पण त्यादिवशी ऑफिस बंद निघालं. पुढे याच माणसानं गायींच्या जीवघेण्या खाजेचं मूळ शोधलं

अमेरिकेतलं आयोवा राज्य. मक्याची शेतं, गुरं आणि डुकरं यांचा हा मुलूख. १९३० च्या आसपासची गोष्ट.

सकाळी गोठ्यात गेलेल्या शेतकऱ्याला दिसायचं की एक गाय कुंपणाच्या खांबाला अंग घासतेय. सुरुवातीला त्यात काही वावगं वाटायचं नाही, जनावर अंग घासतंच. पण ही गाय थांबायचीच नाही. एकाच जागी घासून घासून केस जायचे, कातडी फाटायची, रक्त यायचं. मग ती ती जागा चाटायला आणि चावायला लागायची. तोंडाला फेस, डोळे फिरलेले, आणि दोन-तीन दिवसांत गाय आडवी. एकदा खाज सुरू झाली की ते जनावर वाचत नाही, हे गावातल्या सगळ्यांना अनुभवानं माहिती होतं.

लोक याला 'मॅड इच' म्हणायचे, म्हणजे वेड लावणारी खाज. कुणी म्हणायचं काहीतरी विषारी खाल्लं, कुणी म्हणायचं जनावर पिसाळलं. नक्की कुणालाच माहिती नव्हतं.

याचं उत्तर ज्यानं शोधलं त्या माणसाचं नाव रिचर्ड एडविन शोप.

शोप यांचा जन्म २५ डिसेंबर १९०१ चा, आयोवातल्या डे मॉइन शहरातला. वडील डॉक्टर होते, पण पोराला ओढ होती जंगलाची. वनशास्त्र शिकायचं म्हणून तो कॉलेजात नाव घालायला गेला तर प्रवेशाचं ऑफिस बंद. मग तो दुसऱ्या शहरातल्या आयोवा विद्यापीठात गेला आणि तिथं मेडिकलला नाव घालून मोकळा झाला, असा किस्सा त्यांच्याबद्दल सांगितला जातो. १९२४ ला तो डॉक्टर झाला.

पण दवाखाना काही त्यांनी टाकला नाही. १९२५ ला ते प्रिन्स्टनला रॉकफेलर इन्स्टिट्यूटमध्ये गेले. तिथं जनावरांच्या आजारांवर काम करणारा वेगळा विभाग होता. त्यांचे साहेब होते पॉल लुइस. १९२८ मध्ये शोप डुकरांच्या कॉलरावर काम करायला आपल्याच आयोवात परतले आणि तिथं त्यांना डुकरांचा फ्लू दिसला.

पुढच्याच वर्षी लुइस ब्राझीलमध्ये पिवळ्या तापावर काम करताना त्याच तापानं गेले. त्या काळात विषाणूंवर काम करणं म्हणजे हे असं होतं.

शोप मागे हटले नाहीत. १९३१ मध्ये त्यांनी दाखवून दिलं की डुकरांचा फ्लू विषाणूमुळे होतो. माणसातला फ्लूचा विषाणू लंडनच्या शास्त्रज्ञांना सापडला तो १९३३ मध्ये, म्हणजे डुकराचा आधी आणि माणसाचा नंतर. पुढे शोप यांनी हेही दाखवलं की १९१८ ची साथ पाहिलेल्या लोकांच्या रक्तात डुकराच्या फ्लूला मारणारी ताकद आहे आणि नंतर जन्मलेल्या लहान पोरांच्या रक्तात ती नाही. म्हणजे १९१८ चा विषाणू डुकरांत टिकून राहिला होता. १९१८ ची ती साथ म्हणजे आपल्याकडे मुंबईच्या बंदरातून आत आलेली, जिला 'बॉम्बे फिव्हर' असंही नाव पडलं होतं. आणि २००९ मध्ये पुण्यात ज्या स्वाइन फ्लूनं शाळा बंद पडल्या, त्या विषाणूचे काही जीन्स शोप यांच्या त्या डुकरांच्या फ्लूच्या घराण्यातलेच. आम्ही तेव्हा शाळेत होतो आणि सुट्टी मिळाली म्हणून खूश होतो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

तर फ्लूमुळे शोप यांचं नाव झालं. पण आपला विषय ती खाज.

१९३१ मध्येच त्यांनी मॅड इचवरचा पेपर छापला. खाजेनं मेलेल्या आयोवातल्या गायींच्या मेंदूचा नमुना त्यांनी प्रयोगशाळेत सशांना टोचला. काही दिवसांत ससे जिथं टोचलं तीच जागा कुरतडायला लागले, मांस फाटेपर्यंत. मग तेही मेले. जंतू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही हे विष पार जात होतं. म्हणजे विषाणू.

इथं त्यांना एक जुनी गोष्ट आठवली. १९०२ मध्ये हंगेरीत बुडापेस्टच्या अलादार औयेस्की नावाच्या डॉक्टरांनी एक बैल, एक कुत्रा आणि एक मांजर यांच्यात असाच आजार पाहून लिहून ठेवला होता. रेबीजसारखा दिसणारा, पण रेबीज नसलेला. त्याला 'सुडोरेबीज' म्हणजे नकली रेबीज म्हणत. शोप यांनी हंगेरीतला विषाणू मागवला आणि आयोवातल्या विषाणूशी तो ताडून पाहिला. एकाविरुद्ध तयार झालेलं रक्त दुसऱ्यालाही निकामी करत होतं. मधे अख्खा अटलांटिक महासागर, पण आजार एकच.

आता खरा प्रश्न. गाय तर दोन-तीन दिवसांत मरते. एका गायीकडून दुसरीला हा आजार लागतानाही दिसत नव्हता. मग विषाणू वर्षानुवर्षं राहतो कुठं?

इथं प्रयोगशाळेइतकाच शेताचा अनुभव कामी आला. आयोवात गुरांना मका भरपूर घालत. त्यातला बराच मका न पचता शेणात पडायचा. तो वाया जाऊ नये म्हणून शेतकरी त्याच आवारात डुकरं सोडायचे. गुरांच्या मागे डुकरं हा तिथला रोजचा देखावा. पैसे वाचवायची चांगली युक्ती होती. पण त्यामुळेच डुकराचं नाक आणि गायीची कातडी दिवसभर एकमेकांच्या जवळ.

शोप यांनी डुकरांना विषाणू टोचला. ती थोडी आजारी पडली आणि बरी झाली, खाज बिज काही नाही. पण त्यांच्याजवळ ठेवलेल्या चांगल्या डुकरांनाही तो लागला. मग त्यांनी सशाची कातडी खरवडून ती आजारी डुकराच्या नाकाला लावली. ससा खाजेनं मेला. पुढे मिडवेस्टमधल्या डुकरांचं रक्त तपासलं तर अनेकांत या विषाणूविरुद्धची ताकद आधीच तयार होती. म्हणजे ही डुकरं कधीतरी आजारी पडून बरी झाली होती आणि मालकाला पत्ताही लागला नव्हता. १९३५ पर्यंत चित्र स्पष्ट झालं. डुक्कर गायीला हुंगतं, चावतं, एखादी जखम असते आणि नाकातला विषाणू आत शिरतो.

ज्याच्या गायी मरत होत्या, त्यानंच त्या डुकरांसोबत ठेवल्या होत्या. उपाय फुकटातला होता, दोघांना वेगळं ठेवा. पण तो शेतकऱ्याच्या रोजच्या हिशोबाच्या आड येणारा होता.

तुम्ही म्हणाल, हा विषाणू आहे तरी कुठला? तर हर्पिस. नाव ऐकून ओठावरचे फोड आठवले असतील तर बरोबरच आहे, हे त्याच कुटुंबातलं भावंड. १९३४ मध्ये अल्बर्ट सेबिन (हो, पोलिओच्या डोसवाले सेबिन) यांनी त्याचं हर्पिसशी असलेलं नातं दाखवलं. या कुटुंबाची खोड अशी की ज्या प्राण्यात त्यांचं मूळ घर असतं त्याला ते सहसा मारत नाहीत. आजार बरा झाला तरी विषाणू नसांच्या गाठींमध्ये गुपचूप पडून राहतो आणि प्रवास, बाळंतपण अशा ताणात परत जागा होतो. नसांमध्ये लपण्याची ही बाब शोप यांच्यानंतर कळली. डुक्कर हे या विषाणूचं घर. तिथंही लहान पिल्लं मरतात, पण मोठी डुकरं निभावतात. गाय, शेळी, मेंढी, कुत्रा, मांजर यांच्यात मात्र तो पाहुणा म्हणून येतो आणि घरच जाळून जातो.

गायीगुरांचे स्वतःचे हर्पिस वेगळे. आयबीआर हा त्यातला एक, तो आपल्याकडेही आहे. म्हणून वीर्यकेंद्रांवर वळूंची त्यासाठी तपासणी करतात.

शोप एवढ्यावर थांबले नाहीत. डोक्यावर शिंगं आलेले ससे असतात असं शिकारी सांगायचे. त्यांनी ते हसण्यावारी न नेता नमुने मागवले आणि १९३३ मध्ये दाखवलं की ही शिंगं म्हणजे विषाणूनं आलेल्या गाठी. विषाणूमुळे कॅन्सर होऊ शकतो या विचाराला त्यातून बळ मिळालं.

दुसऱ्या महायुद्धात शत्रू बुळकांडीचा हत्यार म्हणून वापर करेल अशी भीती अमेरिका आणि कॅनडाला वाटत होती. क्वेबेकजवळच्या ग्रोस आइल बेटावर गुप्त प्रकल्प सुरू झाला, त्याचे प्रमुख शोप. कोंबडीच्या अंड्यात विषाणू वाढवून तिथं लस तयार केली गेली. हल्ला काही झाला नाही, पण युद्धानंतर ती लस चीन आणि आफ्रिकेतल्या गुरांसाठी कामी आली. बुळकांडी जगातून संपल्याची घोषणा २०११ मध्ये झाली. त्यात इतर अनेकांचं काम मोठं, पण हा टप्पाही होताच.

युद्धाच्या शेवटी पॅसिफिकच्या दमट हवेत बायको हेलनच्या फोटोच्या पारदर्शक कव्हरवर बुरशी धरली. दुसरा कुणी पुसून टाकली असती. शोप यांनी ती जपली, तिच्यातून विषाणूंना रोखणारा पदार्थ काढला आणि त्याला नाव दिलं 'हेलेनिन'. बाजारात औषध म्हणून तो काही आला नाही.

१९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. २ ऑक्टोबर १९६६ ला ते गेले. मुलगा रॉबर्ट शोप हाही पुढे डासांमधून पसरणाऱ्या विषाणूंचा मोठा अभ्यासक झाला.

आणि मॅड इच? शोप गेल्यानंतर अमेरिकेत मोठमोठे डुक्करपालन उद्योग उभे राहिले आणि हा आजार उलट वाढला. १९८९ मध्ये देशभर निर्मूलन मोहीम सुरू झाली. विषाणूचा एक जीन काढून केलेली लस वापरली गेली. त्यामुळे रक्त तपासून लस दिलेलं डुक्कर कोणतं आणि खरंच लागण झालेलं कोणतं, हे ओळखता यायला लागलं. २००४ मध्ये व्यावसायिक डुकरं या आजारातून मुक्त झाली. रानडुकरांमध्ये मात्र तो अजून आहे. त्यांच्या मागावर सोडलेली शिकारी कुत्री आजही तिथं अंग चावत मरतात.