भास्कराचार्य आणि धनर्णाचा हिशेब

भास्कराचार्यांचे नाव ज्याच्या कानी नाही असा मराठी मनुष्य विरळाच. मात्र लीलावतीच्या विवाहमुहूर्ताची आख्यायिका जितक्या आवडीने सांगितली जाते, तितके त्यांचे खरे कर्तृत्व सांगितले जात नाही. ती कथा फैजीच्या १५८७ सालच्या फारसी भाषांतरामुळे प्रसृत झाली. आचार्यांच्या ग्रंथांत तिचा मागमूस नाही. तेव्हा ती बाजूस ठेवणे बरे.

शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ साली, शांडिल्य गोत्रातील विद्वत्कुळात त्यांचा जन्म झाला. सह्याद्रीच्या आश्रयास वसलेले विज्जडविड हे त्यांचे गाव. ते आजचे कोणते, याविषयी विद्वानांत एकमत नाही. पिता महेश्वर हेच त्यांचे गुरू. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, ११५० साली, त्यांनी सिद्धांतशिरोमणी रचला.

त्यातील बीजगणिताच्या आरंभीच धन व ऋण संख्यांचे नियम येतात. दोन धनांचा अथवा दोन ऋणांचा गुणाकार धन. एक धन व दुसरी ऋण असता तो ऋण. भागाकारासही हीच रीत. ब्रह्मगुप्तांनी हे नियम ६२८ सालीच सांगितले होते, आणि पूर्वसूरींच्या विस्तृत ग्रंथांचे सार आपण घेतले, हे आचार्यांनी मोकळेपणाने नमूद केले आहे.

दोन ऋणांचे धन कसे होते, हे कोडे मुलांना आजही पडते. निजामाकडील चौथाईच्या थकबाकीपायी १७९५ साली ज्या खर्ड्याच्या माळावर लढाई झाली, तेथील वाचकांस देण्याघेण्याचे महत्त्व सांगावयास नको! एखाद्याच्या नावे तीन-तीन रुपयांची पाच देणी असतील, तर एकूण ऋण पंधराचे. सावकाराने ती पाचही खोडली, तर ऋण तीन पाच वेळा वजा झाले आणि ऋणको पंधरा रुपयांनी वर आला. उलट, पंधराच्या ऋणास तीनच्या ऋणाने भागावे, तर देण्यांची संख्या पाच निघते, आणि ती धनच असते.

परंतु आचार्यांची थोरवी नियम सांगण्यापेक्षा तो कोठे लावावा याच्या विवेकात अधिक दिसते. वानरांचे त्यांचे एक उदाहरण आहे. कळपाच्या पंचमांशातून तीन वजा करून उरलेल्यांचा वर्ग केला, तितके वानर गुहेत गेले. एक फांदीवर दिसला. कळप किती? उत्तरे दोन येतात, ५० आणि ५. पाच घेतले तर पंचमांश एक, त्यातून तीन गेले की ऋण दोन. त्याचा वर्ग धन चार, फांदीवरचा एक मिळवून पाच. गणित अचूक जुळते! तरीही आचार्यांनी हे उत्तर त्याज्य ठरविले. ऋण वानर लोकांच्या प्रतीतीस येत नाहीत, हे त्यांचे कारण.

याउलट लीलावतीत एक त्रिकोण आहे, भुजा १० व १७, पाया ९. लंबामुळे पायाचे जे दोन खंड होतात, त्यांतील एक ऋण ६ येतो. तेथे मात्र त्यांनी उत्तर टाकले नाही. ऋण म्हणजे विरुद्ध दिशा, लंब पायाच्या बाहेर पडतो, असा अर्थ त्यांनी लावला. इंग्लंडात १७५८ सालीसुद्धा फ्रान्सिस मासेरेस ऋण संख्यांविरुद्ध ग्रंथ लिहीत होते, हे लक्षात घेतले म्हणजे या समजुतीची किंमत कळते.

११८३ साली, एकोणसत्तराव्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा ग्रंथ रचला. पुत्र लक्ष्मीधर यादव राजा जैत्रपालाच्या पदरी होते, नातू चांगदेव सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. या नातवाने चाळीसगावाजवळील पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापिला. १२०७ सालचा तेथील शिलालेख डॉ. भाऊ दाजी लाड यांनी उजेडात आणला. त्यातील दानाचा भाग जुन्या मराठीत आहे: बाजारात विकल्या जाणाऱ्या मालावरील काही हिस्सा मठास द्यावा, आणि गावात जितके घाणे चालतील तितक्यांकडून पळीपळी तेल.