श्रीमाणिकप्रभू आणि सकलमताचा दरबार

बिदर आणि कलबुर्गी या दोन जिल्ह्यांच्या सीमेवरील निर्णा, चिटगुप्पा, हुमनाबाद हा मुलूख अनेक भाषांचा आणि अनेक पंथांचा आहे. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि कचेरीत उर्दू अशी येथील जुन्या पिढ्यांतील कित्येक कुटुंबांची रीत होती. बाराव्या शतकात याच प्रांतातील कल्याण नगरीत बसवेश्वरांनी शरणांचा मेळा जमविला. कलबुर्गी येथे १४२२ साली ख्वाजा बंदेनवाज चिरविश्रांती पावले. बिदरच्या झिऱ्यावर गुरू नानकांची स्मृती जपली जाते. अशा या भूमीत एकोणिसाव्या शतकात जे सत्पुरुष होऊन गेले, त्यांत श्रीमाणिकप्रभूंचे स्थान अनन्यसाधारण आहे.

प्रभूंचा जन्म बसवकल्याणनजीक लाडवंती या गावी शके १७३९ च्या मार्गशीर्ष पौर्णिमेस, म्हणजे २२ डिसेंबर १८१७ रोजी, दत्तजयंतीच्या दिवशी झाला. पित्याचे नाव मनोहर नाईक आणि मातेचे बयादेवी. पिता लवकर निवर्तल्यामुळे कुटुंब कल्याण येथे मामांच्या आश्रयास आले. मामांनी भाच्यास जकातीच्या नाक्यावर कामास लावले, परंतु ते काम प्रभूंनी लवकरच सोडून दिले, असे चरित्रकार सांगतात. सरकारी चाकरीशी त्यांचा संबंध आला तो एवढाच. पुढे बराच काळ भ्रमणात व्यतीत करून १८४५ च्या सुमारास ते हुमनाबादजवळ, गुरुगंगा आणि विरजा या प्रवाहांच्या संगमावर स्थिरावले. तेथे जी वस्ती वाढली तीच माणिकनगर.

त्यांच्या संप्रदायास सकलमत असे नाव आहे. सर्व मते मोडून एक नवे मत उभारावे, असा त्याचा अर्थ नव्हे. ज्याचे जे मत असेल त्यात त्याने राहावे आणि दुसऱ्याच्या मतातही तेच चैतन्य आहे हे ओळखावे, एवढेच त्याचे सूत्र. त्यामुळे माणिकनगरास येणाऱ्या कोणालाही आपला धर्म उंबऱ्याबाहेर ठेवून यावे लागत नसे. ब्राह्मणांनी त्यांच्यात दत्त पाहिला, लिंगायतांनी बसवण्णा पाहिले, आणि मुसलमान भक्त त्यांना महबूब सुभानींच्या ठायी मानीत, असे परंपरा सांगते. प्रभूंची पदे मराठीत आहेत, कन्नडात आहेत आणि हिंदुस्थानीतही आहेत. त्यांच्या दरबारात गायनकलेस मोठा मान होता.

हे सर्व घडत होते ते निजामाच्या राज्यात. त्या राज्याची घडण ध्यानात घेतल्याखेरीज प्रभूंच्या कार्याचे मोल कळणार नाही. १९०१ च्या शिरगणतीप्रमाणे हैदराबाद संस्थानची लोकसंख्या एक कोटी अकरा लाखांवर होती. तीत शेकडा ८८ हून अधिक हिंदू आणि सुमारे १० मुसलमान होते. राजा अल्पसंख्य धर्माचा होता, तरी देवस्थानांची इनामे चालू होती, आणि महाराजा चंदूलाल यांच्यासारख्या हिंदू गृहस्थांनी राज्याचा कारभारही पाहिला. तथापि हे सारे राजाच्या मर्जीवर अवलंबून असे. मर्जीने मिळालेले मर्जीने जाऊही शकते. पुढे धर्मखात्याच्या परवानगीवाचून मंदिर बांधणे कठीण झाले, आणि १९३८–३९ मध्ये धर्मस्वातंत्र्यासाठी आर्यसमाजास सत्याग्रह करावा लागला.

निजामाने देऊ केलेली जहागीर प्रभूंनी नम्रपणे नाकारली, अशी संप्रदायाची परंपरा आहे. दरबार थाटाचा असला तरी आलेले द्रव्य अन्नदानात आणि याचकांत वाटले जाई. या नकाराकडे केवळ वैराग्य म्हणून पाहणे पुरेसे नाही. सनदेवर चालणारे स्थान कळत नकळत सनद देणाऱ्याचे होते. जे कोणत्याही सरकारचे नाही, तेच सर्व धर्मांच्या रयतेला आपले वाटू शकते. शके १७८७ च्या मार्गशीर्ष शुद्ध एकादशीस, २९ नोव्हेंबर १८६५ रोजी, वयाची अठ्ठेचाळीस वर्षे पुरी होण्यापूर्वीच प्रभूंनी समाधी घेतली. बंधूंच्या वंशाकडे गादी चालत आली. त्या परंपरेतील मार्तंड माणिकप्रभूंनी १९३६ पर्यंत ती सांभाळली आणि संप्रदायास तत्त्वज्ञानाची बैठक दिली.

त्यानंतरच्या एका तपात या मुलखाने फार सोसले. रझाकारांच्या अत्याचारांनी हिंदू खेडी भयभीत झाली. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाईने निजामाची सत्ता संपली, तेव्हा ते भय घर बदलून शेजारच्या मोहल्ल्यात गेले. भारत सरकारने पाठविलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने कारवाईच्या काळात व त्यानंतर मारल्या गेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार असा केला. अधिक हानी झालेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेडबरोबर बिदर व गुलबर्गा होते. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. सत्ता ज्या धर्माची, त्याच्या माणसांनी निर्धास्त असावे आणि इतरांनी जपून राहावे, हा नियम राजा बदलल्याने बदलत नाही, फक्त भिणारे बदलतात. दोन्ही बाजूंची ही दुःखे एकाच पानावर लिहिण्यास आपण पुष्कळ उशीर केला आहे.

२६ जानेवारी १९५० पासून संविधानाच्या पंचविसाव्या अनुच्छेदाने धर्माचरणाचे स्वातंत्र्य सर्वांचा हक्क म्हणून मान्य केले. राजाच्या मर्जीची जागा नागरिकाच्या हक्काने घेतली, हे फार मोठे अंतर आपण कापले. परंतु सरकारने समान वागावे हे कायदा सांगू शकतो. शेजाऱ्याच्या सणाला आपल्या अंगणात जागा द्यावी, हे तो सांगू शकत नाही. ते काम प्रभूंनी सत्तेचा आधार न घेता केले.

१९५६ च्या भाषावार रचनेत हा प्रदेश म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. माणिकनगरची दत्तजयंती मात्र सर्वांची राहिली. ज्या वाचकाला या सीमेवरच्या माणसांचे मन जाणून घ्यायचे आहे, त्याने राजवटींच्या बखरी वाचाव्यातच. पण त्यांच्याबरोबर प्रभूंचे चरित्रही अवश्य वाचावे.