चाळीसगावचा टांगा आणि लॉर्ड लोथियन

२३ ऑक्टोबर १९२९ रोजी धुळ्याहून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. महार प्रवाशाला बसवून टांगा हाकणे टांगेवाल्यांना कमीपणाचे वाटले. टांगा भाड्याने मिळाला, हाकणारा मिळाला नाही. सवय नसलेल्या आपल्याच माणसाने लगाम धरला. पुलावर बाबासाहेब फेकले गेले, पाय मोडला. बॅरिस्टरची ही गत!

पुढे १९३२ साली काही प्रांतांतले सवर्ण पुढारी एका इंग्रज उमरावाला सांगू लागले, की आमच्याकडे अस्पृश्य जवळजवळ नाहीतच. तो उमराव म्हणजे लॉर्ड लोथियन.

मूळ नाव फिलिप केर. जन्म १८८२, स्कॉटलंडचे सरदार घराणे. ऑक्सफर्डला शिकून ते दक्षिण आफ्रिकेत साम्राज्याच्या कारभारात गेले. १९१६ ते १९२१ पंतप्रधान लॉईड जॉर्ज यांचे खाजगी सचिव होते. १९३० साली सरदारकी मिळाली, १९३१ साली ते भारताचे उपमंत्री झाले आणि मताधिकार समितीचे अध्यक्ष म्हणून इथे आले.

या समितीत बाबासाहेब सभासद होते. गरिबी नव्हे, तर विटाळ हीच अस्पृश्यतेची कसोटी, हे त्यांनी १ मे १९३२ च्या स्वतंत्र टिपणात ठासून मांडले. समितीने मतदार सुमारे ७० लाखांवरून ३ कोटी ६० लाखांवर नेण्याची शिफारस केली. पण प्रौढ मताधिकार नाकारला. मालमत्ता आणि शिक्षणाची अट राहिली. ज्यांना दोन्ही नाकारले होते, त्यांनाच ती जाचली.

लोथियन यांना आम्ही देव्हाऱ्यात बसवत नाही. १९३५ आणि १९३७ साली हिटलरला भेटून, त्याला समजुतीने आवरता येईल असे मानणाऱ्यांत ते होते. ती घोडचूक ठरली. १९३९ साली ते अमेरिकेत राजदूत झाले आणि त्याच हिटलरविरुद्ध मदत मिळवण्यासाठी झटले. धर्मपंथाच्या श्रद्धेपायी त्यांनी डॉक्टर नाकारला आणि ऐन महायुद्धात, १२ डिसेंबर १९४० रोजी वॉशिंग्टनला त्यांचे निधन झाले.

दरम्यान १९३७ च्या निवडणुकीत पूर्व खानदेशातून स्वतंत्र मजूर पक्षाचे दौलत गुळाजी जाधव निवडून आले. ज्या मुलखात टांगा हाकायला कोणी तयार नव्हते, तिथून आपला माणूस कायदेमंडळात गेला! सर्वांना मत मात्र बाबासाहेबांच्या संविधानानेच दिले.

कोर्टात आम्ही रोज पाहतो, जे कागदावर नाही ते नाहीच समजले जाते. १९३२ साली आपल्याला कागदावरून पुसण्याचाच डाव होता. म्हणून बांधवांनो, मतदार यादीतले आपले नाव तपासा. शेजारच्या म्हातारीचेही तपासा.