एका अनोळखी बाईच्या पत्राने आनंदीबाई जोशींसाठी अमेरिकेचं दार उघडलं

आज मेसेजवर दोन मिनिटांत ब्लू टिक दिसली नाही, तर आपला जीव खालीवर होतो. पण १४० वर्षांपूर्वी महाराष्ट्रातल्या एका मुलीने अमेरिकेला पत्र पाठवलं, की ते बोटीने समुद्र पार करायचं आणि उत्तर हातात पडेपर्यंत काही आठवडे निघून जायचे. तरीही तिने चिकाटीने पत्रं लिहिली. त्या पत्रांनीच तिला डॉक्टर व्हायला अमेरिकेत नेलं.

ती मुलगी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. माहेरचं नाव यमुना. नवव्या वर्षी त्यांचं लग्न झालं. नवरा गोपाळराव जोशी वयाने बराच मोठा, बिजवर आणि पोस्टात कारकून. बायकोने शिकलंच पाहिजे, हा त्यांचा हट्ट होता. त्या काळात बायकोला शिकवणं ही लोकांच्या टिंगलीची गोष्ट होती. पण गोपाळराव ऐकणाऱ्यातले नव्हते.

आनंदीबाई १४ वर्षांच्या असताना त्यांना मुलगा झाला. तो जेमतेम १० दिवस जगला. बाईला बाईच डॉक्टर हवी, ही गोष्ट त्यांच्या मनात घट्ट बसली ती या दुःखानंतर.

अमेरिकेचा विषय मात्र त्याआधीच निघाला होता, तोही एका पत्रातून. १८७८ मध्ये कोल्हापुरात नोकरीला असताना गोपाळरावांनी रॉयल वाइल्डर या अमेरिकन मिशनऱ्याला पत्र लिहिलं. बायकोच्या शिक्षणाची अमेरिकेत काही सोय होईल का, असं त्यांनी विचारलं होतं. वाइल्डर यांनी धर्मांतराचा मार्ग सुचवला. गोपाळरावांना तो मान्य नव्हता. विषय तिथेच संपला असता, पण वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला.

आता योगायोग बघा. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडिशिया कारपेंटर दातांच्या डॉक्टरकडे आपला नंबर यायची वाट बघत बसल्या होत्या. तिथे पडलेलं ते मासिक त्यांनी चाळलं. कुठल्या तरी अनोळखी देशातल्या मुलीला शिकायचंय, हे वाचून त्यांना राहवलं नाही. त्यांनी थेट आनंदीबाईंना पत्र लिहिलं.

इथून दोघींची पत्रमैत्री सुरू झाली. आनंदीबाई इंग्रजीत लिहायच्या. घरातल्या रीतिरिवाजांपासून बालविवाहापर्यंत आणि धर्मापासून बायकांच्या आजारपणापर्यंत सगळे विषय त्या पत्रांत यायचे. गोपाळरावांच्या बदल्या होत राहिल्या, पत्ते बदलत राहिले, पत्रं मात्र थांबली नाहीत. कलकत्त्यात आनंदीबाईंची तब्येत बिघडली, तेव्हा कारपेंटरबाईंनी अमेरिकेहून औषधं पाठवली. एकमेकींना कधीही न भेटलेल्या या दोघींचं नातं एव्हाना मावशी-भाचीचं झालं होतं.

गोपाळरावांना सोबत जाणं शक्य नव्हतं. म्हणून त्यांनी बायकोला एकटीलाच पाठवायचं ठरवलं. समाज खवळला. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी श्रीरामपूरच्या (बंगालमधल्या) कॉलेजात जाहीर भाषण करून आपण का चाललोय ते सांगितलं आणि हिंदू म्हणूनच परत येईन, असा शब्द दिला. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या. वय होतं फक्त १८. ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा बंदरावर कारपेंटर मावशी घ्यायला आल्या होत्या.

फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजचं दारही एका अर्जवजा पत्रानेच उघडलं. शाळेचं रीतसर शिक्षण झालेलं नव्हतं, पैसाही नव्हता. हे काही न लपवता, आपल्या देशातल्या बायकांना स्त्री डॉक्टरची किती गरज आहे ते त्यांनी लिहिलं. कॉलेजने प्रवेश दिला. ते पत्र फिलाडेल्फियात आजही जपून ठेवलंय.

अमेरिकेतून गोपाळरावांनाही पत्रं जात होती. हा भाग सहसा सांगितला जात नाही. शिकवण्याच्या हट्टापायी लहानपणी नवऱ्याने लाकडाने मारलं, पुस्तकं फेकून मारली, सोडून जाण्याची धमकी दिली, हे सगळं आनंदीबाईंनी एका पत्रात त्यांनाच लिहून कळवलं. त्याच वेळी, तुमच्यामुळेच मी शिकले, ही कृतज्ञताही त्यांनी मोकळेपणाने मांडली. त्या काळी बायकोने नवऱ्याला समोर उभं राहून हे ऐकवणं जवळपास अशक्य होतं. मधे समुद्र होता आणि हातात कागद होता, म्हणून ते बोलणं झालं.

११ मार्च १८८६ रोजी त्या डॉक्टर झाल्या. समारंभाला पंडिता रमाबाई हजर होत्या. कोल्हापूर संस्थानाने अल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलमध्ये नेमणूकही दिली. ज्या गावातून पहिलं पत्र गेलं होतं, त्याच गावात त्या डॉक्टर म्हणून येणार होत्या. पण शरीर क्षयाने पोखरलं होतं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. वयाची २२ वर्षंही पूर्ण झाली नव्हती.

गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी कारपेंटर मावशींकडे पाठवल्या. मावशींनी न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी इथल्या आपल्या घराण्याच्या दफनभूमीत भाचीला जागा दिली.

पुढच्याच वर्षी कॅरोलिन डॉल यांनी अमेरिकेत आनंदीबाईंचं इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केलं, नंतर काशीबाई कानिटकरांनी मराठीत लिहिलं. या चरित्रांना पत्रांचाच मोठा आधार होता. डॉक्टर म्हणून आनंदीबाईंना काम करता आलं नाही. पण त्या काय विचार करायच्या, कशावर चिडायच्या, कुणावर माया करायच्या, हे आज आपल्याला त्यांच्याच शब्दांत कळतं, कारण कुणीतरी ती पत्रं फेकून दिली नाहीत.

आपले चॅट फोन बदलला की उडून जातात. घरात आजीची, आजोबांची जुनी पत्रं असतील, तर रद्दीत घालण्याआधी एकदा वाचून बघा. आणि जमलंच, तर या आठवड्यात कुणाला तरी स्वतःच्या हाताने चार ओळी लिहून पाठवा.