डोळ्यांपुढे ताडपत्री लावून विमान उतरवणारा जिमी डूलिटल

पावसाळ्यात पावण्याच्या एमआयडीसीत उभं राहिलं की वर फक्त ढग दिसतात आणि विमानाचा आवाज येतो. मुंबईला पूर्वेकडून उतरणारी विमानं याच भागातून धावपट्टीच्या रेषेत येतात. खाली काहीच दिसत नसताना वैमानिक त्या रेषेत नेमका वळतो कसा? मंडळी, याचं उत्तर बऱ्याच अंशी जिमी डूलिटल या अमेरिकन वैमानिकाच्या आयुष्यात सापडतं.

डूलिटलचा जन्म १८९६ चा, कॅलिफोर्नियातला. बालपण अलास्कात गेलं. लष्करात वैमानिक झाला आणि धाडसी कसरतींसाठी गाजला. पण हा नुसता कसरतपटू नव्हता. १९२४ मध्ये त्याने लढाऊ विमानात उपकरणं बसवून वेगवान वळणांत पंखांवर आणि माणसावर किती भार येतो ते मोजलं. हा भार जास्त वेळ टिकला तर वैमानिकाच्या डोळ्यांपुढे अंधारी येते, हेही त्याने स्वतःवरच अनुभवलं. १९२५ मध्ये एमआयटीतून डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी श्नायडर ट्रॉफी शर्यत जिंकली, ताशी सुमारे ३७४ किलोमीटर वेगाने.

आता थोडं गणित. विमान जितकं कलवाल तितकं वळण आखूड होतं. पण कल तोच ठेवून वेग दुप्पट केला तर वळणाची त्रिज्या चौपट होते, तिप्पट केला तर नऊपट! २० अंशांच्या कलाने ताशी १०० किलोमीटरला त्रिज्या साधारण २२० मीटर, तर ताशी ३०० ला जवळपास २ किलोमीटर. डूलिटलच्या शर्यतीच्या वेगाला तर ६० अंश कलूनही ६०० मीटरपेक्षा जास्त लागतात, आणि तेव्हा अंगावर दुप्पट वजन येतं.

उघड्या आकाशात हे चालतं. ढगात नाही. तिथे आपण कललोय की सरळ आहोत हे शरीराला कळतच नाही, कान चक्क खोटं सांगतात. त्या काळी कित्येक वैमानिक ढगात शिरले आणि सरळ जातोय असं समजत गिरक्या घेत जमिनीवर आदळले.

२४ सप्टेंबर १९२९ ला न्यूयॉर्कजवळच्या मिचेल फील्डवर डूलिटल एका संथ प्रशिक्षण विमानात बसला. त्याची जागा ताडपत्रीने पूर्ण झाकली होती. पुढच्या जागेत बेन केल्सी होता, पण फक्त खबरदारी म्हणून. समोर कृत्रिम क्षितिज, दिशा दाखवणारा जायरो, अचूक उंचीमापक आणि रेडिओचा संकेत. एवढ्यावर त्याने उड्डाण केलं, अर्धं वर्तुळ वळून मागे आला, पुन्हा तसंच वळून धावपट्टीची रेषा पकडली आणि उतरला. सगळं मिळून १५ मिनिटं. विमान संथ होतं, म्हणून वळणं आखूड बसली.

आजच्या जेटला ही सोय नाही. उतरतानाही त्याचा वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास असतो आणि प्रवासी विमान सहसा २५-३० अंशांपेक्षा जास्त कलवत नाहीत. वळायच्या आधी वेग कमी केला नाही तर ते धावपट्टीच्या रेषेपलीकडे जातं, आणि पलीकडे डोंगर असू शकतो. म्हणूनच विमानांचे उतरण्याच्या वेगानुसार वर्ग पाडलेत. धावपट्टीभोवती घिरटी घालून उतरायचं असेल, तर वेगवान वर्गासाठी मोठं वर्तुळ अडथळ्यांपासून सुरक्षित आहे का ते तपासतात.

डूलिटल पुढे १९४२ च्या टोकियोवरच्या हवाई हल्ल्यामुळे जगभर गाजला. १९९३ मध्ये, ९६ व्या वर्षी तो गेला.