फ्ल्यूगर आणि बेडकाचे अंडे
पावसाळ्यात डोणगावच्या डबक्यांत बेडूक अंडी घालतात. अशा अंड्यांची काळसर बाजू वर, तर बलकाची जड बाजू खाली राहते. यात गुरुत्वाकर्षणाचा हात किती, याचा शोध एदुआर्ड फ्ल्यूगर (१८२९-१९१०) यांनी घेतला. १८५९ पासून बॉन विद्यापीठात शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या या वादप्रिय संशोधकाने १८८३ मध्ये फलित अंडी कलती रोखून धरली. तरीही पहिले विभाजन उभेच झाले! गुरुत्वच गर्भाची घडण ठरवते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रयोग देखणा होता, निष्कर्ष घाईचा. कलत्या अंड्यात बलकच खाली सरकतो, हे गुस्ताव्ह बोर्न यांनी १८८४ मध्ये दाखवले. विल्हेल्म रू यांच्या फिरत्या चाकावरही अंडी नीट वाढली. १९९२ मध्ये एन्डेव्हर यानात, वजनरहित अवस्थेत फलित झालेल्या अंड्यांतूनही बेडूकमासे बाहेर पडले.